बॅगांचा काटा

न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही राहायचो त्या कॉम्प्लेक्समध्ये बॅगा मोजायचा एक काटा आहे. तो मुळात कोणी विकत घेतला, हे आता कोणालाच सांगता येत नाही. मुठीत मावेल एवढा, रुपेरी रंगाचा. मधे आकड्यांची छोटी खिडकी, खाली जाड काळा पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला कडी. पाठीवर कोणीतरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने नाव लिहिलं होतं, ते हातांनी पुसून गेलंय. कोणाचं प्रोजेक्ट संपतं, कोणाच्या व्हिसाची मुदत भरते, जूनअखेर मुलांच्या शाळा सुटतात, आणि ग्रुपवर निरोप पडतो, ‘काटा सध्या कोणाकडे आहे?’ मग जेवणं आटोपल्यावर कोणीतरी तो दारात आणून देतं. पूर्वी गावात दिवस भरले की सुईणीला बोलावणं जायचं, तसं याला बोलावणं जातं, आणि घर मराठी आहे, तेलुगू की गुजराती, हे तो विचारत नाही.

आमच्याकडे तो आला तेव्हा मी नुकतीच पुण्याहून परतले होते. आईचं ऑपरेशन झालं, तिची थोडी व्यवस्था लावली आणि लगेच विमानात बसले, कारण महिनाअखेर न्यू जर्सीतलं घर सोडून पुण्याला परतायचं होतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. पहाटे तीनला माझे डोळे टक्क उघडायचे. पुण्यात तेव्हा दुपारचे साडेबारा. पोट वरण-भात मागायचं. उलट संध्याकाळी पाचला, फर्निचर बघायला माणसं यायची नेमकी तेव्हा, अंगात रात्रीचे अडीच वाजलेले असायचे. समोरचा माणूस सोफ्याची किंमत विचारतोय हे ऐकू यायचं, पण उत्तर जुळवायला वेळ लागायचा.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी यातून दोनदा गेलेल्या. काटा हातात ठेवताना त्या म्हणाल्या, “तीनला जाग आली तर खुशाल बॅगा मोजा. पण काय न्यायचं नि काय टाकायचं, ते तेव्हा ठरवू नका. ते दुपारी जेवल्यावर.” मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत कामाचा. रात्री तीनला माणसाला एकतर सगळंच टाकून द्यावंसं वाटतं, नाहीतर एकही चमचा सोडवत नाही. काट्याचं तसं नसतं. त्याला तीन वाजताही पन्नास पौंड म्हणजे पन्नासच.

त्याच्याबरोबर काम करायचीही एक रीत आहे. पट्टा बॅगेच्या मुठीतून ओवायचा, कडी अडकवायची, आकडा शून्यावर आला की दोन्ही हातांनी बॅग सरळ वर उचलायची आणि हलायचं नाही. पहिल्या रात्री मला ते जमेना. झोप अर्धवट, हात थरथरत होते, आणि खिडकीत आकडे धावत होते: 51.2, 49.8, 50.6. काटा कुठलाच आकडा धरेना. बॅग खाली ठेवली, पाणी प्यायले, पाय फाकवून उभी राहिले, श्वास धरून पुन्हा उचलली. आकडे मंदावले, एक बारीकशी ‘टूं’ झाली आणि 50.4 स्थिर झाला. बॅग जमिनीवर टेकल्यावरही तो आकडा त्याने धरून ठेवला, मला वाकून नीट वाचता यावा म्हणून. त्या गुणाचं मला फार अप्रूप वाटलं. रात्रीच्या त्या वेळी माझ्या स्वतःच्या डोक्यात एकही गोष्ट इतका वेळ टिकत नव्हती.

अमेरिकेतून भारतात येणाऱ्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर प्रत्येक बॅगेला तेवीस किलोची मर्यादा असते. तिकिटावर त्यालाच पन्नास पौंड म्हणतात; खरं तर तेवीस किलो म्हणजे 50.7 पौंड. आमचा काटा पौंडांवर ठेवलेला होता तो बरोबरच, कारण त्यात चूक झाली तरी आपल्या बाजूने होते. आणि जादा पैसे भरले तरी एका बॅगेत बत्तीस किलोच्या वर सहसा घेत नाहीत. त्या आकड्यामागे विमानतळावर दिवसभर बॅगा उचलणाऱ्या कामगारांच्या पाठी आहेत. हे कळल्यावर काट्याशी हुज्जत घालावीशी वाटत नाही.

तो वस्तूंची किंमत करत नाही, हेही मला आवडायचं. मुलीची शाळेतली चित्रं, तिचे बर्फातले बूट, माझ्या साड्या, सगळ्यांना एकच कडी. मिक्सर मात्र त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. एकशे दहा व्होल्टचा मिक्सर पुण्याच्या दोनशे तीस व्होल्टवर लावला तर जळणार. तो वहिनींच्या ओट्यावर गेला. कुकर आम्ही पुण्याहूनच नेला होता, तो परत आला.

बॅगा रात्री मोजून होत, पण घर आवरणं हे दिवसाचं काम. बँक, वीज कंपनी, डॉक्टरांकडचे कागद, पुढच्या जानेवारीत पगाराचं कर-प्रमाणपत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते ऑफिसला कळवणं. न्यू जर्सीच्या कायद्याने घरमालकाला डिपॉझिट तीस दिवसांत हिशेबासह परत करावं लागतं, त्यासाठी नवा पत्ता लेखी दिलेला बरा. ही सगळी खाती दिवसाउजेडी उघडणारी. म्हणून थोड्याच दिवसांसाठी का होईना, अंग तिथल्या घड्याळावर आणणं भाग होतं.

आपलं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे जरा वर असतं, सुमारे वीस हजार पेशींचं. ते उजेडावरून वेळ जुळवतं, आणि दिवसाला साधारण तासाभरापेक्षा जास्त सरकत नाही. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं ते माशांवरच्या अभ्यासातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. त्या माशा म्हणजे पिकल्या फळांवर घोंगावतात त्या चिलटांएवढ्या. यकृताचंही वेगळं घड्याळ असतं, ते जेवणाच्या वेळा बघतं. तेव्हा रात्री तीनला वरण-भात नाही, पाणी. आणि पाचला कितीही डोळे मिटले तरी आडवं न होता ओक ट्री रोडवर चक्कर. जूनमध्ये तिथे साडेआठपर्यंत उजेड असतो, तो अंगावर घ्यायचा. मुलीला बरोबर नेलं की चालणं टळत नाही.

हळूहळू जाग तीनवरून चारवर गेली, मग साडेपाचवर. शेवटची बॅग मी सकाळी, स्वयंपाकघरात ऊन आल्यावर मोजली. पहिल्याच उचलीत 49.6.

आणि इतकं करून ते घड्याळ पुन्हा मोडायचं होतं, तेही अवघड दिशेने. माणसाचं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित मोठं असतं. दिवस लांबवणं त्याला सोपं जातं, म्हणून पश्चिमेकडे जाताना त्रास कमी. पूर्वेकडे येताना रात्र लवकर आणायची, ते त्याला जड जातं. पुण्यात आल्यावर मी मध्यरात्री टक्क जागी आणि सकाळी दहाला मुलगी उठवून दमली तरी गाढ झोपलेली. आईच्या औषधांच्या वेळा होत्या, त्यामुळे उठणं चुकत नव्हतं, आणि त्यानेच शेवटी गाडी रुळावर आली. या वेळी मोजायला बॅगा नव्हत्या. काट्याची आठवण यायची.

परत येताना तो मी वहिनींकडेच ठेवून आले. पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब हैदराबादला परतणार होतं, त्यांचा निरोप आधीच पडला होता. तुमच्याकडे असा काटा आला, तर काम झाल्यावर त्याला पट्टा नीट गुंडाळून पुढे द्या आणि देण्याआधी आतला सेल बदला. आमच्याकडच्याला सीआर 2032 लागतो, चपटा, नाण्याएवढा, तिथे औषधाच्या दुकानातही मिळतो. पुढच्या घरातलं माणूस तो रात्री तीनला उघडणार आहे, आणि त्या वेळी दुकानं बंद असतात.