पंचगंगेच्या उगमापाशीं

उन्हाळ्याची सुटी लागली कीं एकत्र कुटुंबांत पहिला प्रश्न उभा राहतो तो जावें कोठें हा. वडील मंडळींस देवदर्शन हवें असतें, तरुणांस थंड हवा, आणि मुलांस घरापासून दूर असें कोणतेंही ठिकाण चालतें. या तिहींची सोय एके जागीं व्हावी म्हणून यंदा वैशाखांत आम्हीं महाबळेश्वराचा बेत केला. ज्येष्ठ बंधू व वहिनी, धाकट्या बंधूंचें कुटुंब, आमची भगिनी, दोन पुतण्या व एक भाची, अशीं लहानथोर अकरा माणसें होतीं. थोरली पुतणी येत्या आश्विनांत उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस जाणार आहे. हें ठरल्यापासून वहिनींचें बोलणें फार कमी झालें होतें, व त्या विषयाची वाच्यता घरांत कोणीच करीत नसे.

पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर आम्ही वाईस उतरलों. कृष्णाकांठचें ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं 1762 सालीं बांधविलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तीवर आदळून दुभंगावें व देवालयास धक्का लागूं नये, हा त्यांतील हेतु. मुलींस ही युक्ति फार आवडली. जवळच्या मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा व घाट पाहिला. तेथील घंटा मराठ्यांनीं 1739 सालीं वसई जिंकल्यावर तिकडून आणलेली. मग पसरणीचा घाट चढून पांचगणीवरून मुक्कामीं पोंचलों.

महाबळेश्वराची उंची सुमारें साडेचार हजार फूट. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत, 1828 च्या सुमारास, येथें हवा खाण्याचें ठिकाण वसलें. तेथील बाजार, चणे व घोडे यांचें वर्णन वाचकांनीं पुष्कळदां वाचलें असेल. तें येथें करीत नाहीं. खरें पाहण्यासारखें आहे तें बाजारापासून दोन कोसांच्या आंत असलेलें जुनें क्षेत्र. याच क्षेत्रीं 1665 सालीं शिवाजी महाराजांनीं मातुश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली.

तेथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानितात. पांचही प्रवाह दगडी गोमुखांतून एकत्र कुंडांत पडतात. भागीरथी बारा वर्षांनीं व सरस्वती साठ वर्षांनीं येथें प्रगट होते, अशीही श्रद्धा आहे. मुलींनीं ओंजळीनें पाणी प्राशन केलें, आणि धाकटीनें विचारलें, "काका, या सगळ्या पुढें जातात कोठें?"

आम्हीं जन्मभर भूगोल शिकविला; असा प्रश्न आल्यावर गप्प बसणें शक्य नव्हतें. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेस मिळते. कोयना बरेंच अंतर दक्षिणेस जाऊन हेळवाकपाशीं पूर्वेस वळते, आणि कऱ्हाडास दोघी बहिणी समोरासमोरून येऊन भेटतात. त्यास प्रीतिसंगम म्हणतात. पुढें कृष्णा सुमारें 1,400 किलोमीटरांचा प्रवास करून पूर्वसमुद्रास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेच्या कड्यावरून खालीं कोंकणांत उतरते, व पोलादपूर, महाड करीत बाणकोटाच्या खाडीनें सागरास मिळते. ब्रह्मदेवाच्या यज्ञांत आपली वाट न पाहतां गायत्रीस पत्नीस्थानीं बसविलें, म्हणून सावित्री रागावली, तिनें देवांस नद्या होण्याचा शाप दिला व स्वतः कड्यावरून उडी घेतली, अशी कथा क्षेत्रांत सांगतात.

सायंकाळीं आम्ही त्या कड्यावर गेलों. त्यास आर्थर सीट असें नांव आहे. खालीं सावित्रीचें खोरें धुक्यांत निळसर दिसत होतें. वहिनी कांहीं वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, "भावोजी, म्हणजे ही एकदां गेली ती बहिणींना पुन्हां भेटतच नाहीं म्हणायची."

त्या कोणाविषयीं बोलत होत्या हें सर्वांस कळलें. आम्हांस उत्तर सुचेना. तेवढ्यांत थोरली म्हणाली, "आई, पण पाऊस तिकडूनच येतो ना?"

मुलीचें म्हणणें यथार्थ होतें. नैर्ऋत्येचे वारे पश्चिमसमुद्रावरील बाष्प घेऊन येतात, या कड्यांस अडून वर चढतात, निवतात, आणि चार महिन्यांत येथें दोनशे इंचांहून अधिक पाऊस पाडतात. सावित्री ज्या सागरांत जाते त्याचेंच पाणी पुन्हां डोंगरावर येऊन पांचही बहिणींचे झरे भरतें. हा धडा आम्हीं वर्गांत अनेक वर्षें फळ्यावर काढून दाखविला होता; परंतु तो अशा कामीं कोणी लाविलेला पाहिला नव्हता.

वहिनींनीं त्यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर मात्र त्यांनीं मुलीस जवळ बसवून तिकडे थंडी किती पडते, स्वयंपाकाची सोय काय, मेतकूट व भाजणी किती दिवस टिकेल, हें एकेक विचारण्यास आरंभ केला. बंधूही ऐकत बसले. दुःख गेलें असें नाहीं; पण तें बोलण्याजोगें झालें, हेंही थोडें नव्हे.

ज्यांच्या घरीं लेकी दूर जाण्याच्या तयारींत आहेत त्यांनीं या क्षेत्रीं अवश्य जावें. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं जावें, सकाळीं कुंडावर गर्दी नसते तेव्हां दर्शन घ्यावें, आणि मुलींस प्रश्न विचारूं द्यावे.