दुर्बिणीचं ऑपरेशन

'दुर्बीण' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रुळवला तो बायकांनी. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाची शिबिरं लागत आणि बायका एकमेकींना विचारत, "टाक्याचं केलंस की दुर्बिणीचं?" (आम्हा शिक्षकांना तेव्हा 'केस' आणायचं उद्दिष्ट असे. ते रामायण पुन्हा कधीतरी लिहीन.) गंमत म्हणजे त्याच काळात मोठ्या शहरांतले सर्जन साधं पित्ताशय काढायलाही पोटावर वीतभर चीर देत होते. दुर्बीण हे स्त्रीरोगतज्ज्ञांचं खेळणं, असाच त्यांच्यातल्या बहुतेकांचा समज.

पहिलं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं तेही एका स्त्रीरोगतज्ज्ञानेच. जर्मनीतल्या कील गावचे कुर्ट सेम, साल १९८०. हा माणूस असले उद्योग करतो म्हणजे याच्या डोक्यातच काही बिघाड असणार, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूची तपासणी करून घ्यायला लावली होती! एकदा तर ते व्याख्यान देत असताना कुणीतरी प्रोजेक्टरची वायरच काढली. पाच वर्षांनी, १२ सप्टेंबर १९८५ ला, ब्योब्लिंगेनच्या एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सर्जनांच्या परिषदेत त्यांची 'मिकी माउस सर्जरी' म्हणून टिंगल झाली. पुढे त्यांचा एक रुग्ण दगावला, खटला झाला, १९९० मध्ये ते त्यातून सुटले आणि १९९२ मध्ये त्याच संघटनेने त्यांचा सत्कार केला. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं पित्ताशय तिच्यातून काढलं. २०२३ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्यावर बरंच लिहून आलं होतं.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, सर्जरीत मला काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण या इतिहासात मला जे दिसलं ते बहुधा शिक्षकालाच दिसेल. म्यूहेंच्या हातातल्या नळीतून फक्त म्यूहेंनाच दिसत होतं. शेजारी उभा असलेला मदतनीस आंधळा! १९८७ मध्ये लिऑंच्या फिलिप मूरे यांनी व्हिडिओ कॅमेरा जोडून पित्ताशय काढलं आणि पोटातलं चित्र पडद्यावर आलं. आता मदतनीस बघतोय, सिस्टर बघतेय, कोपऱ्यात उभा असलेला विद्यार्थीही बघतोय. पूर्वी मोठ्या चिरेच्या ऑपरेशनातसुद्धा विद्यार्थ्याला गुरूची पाठ आणि कोपरच दिसायचं म्हणे. ऑपरेशन थिएटरात पहिल्यांदाच फळा आला.

पण फळा आला म्हणून शिकणं सोपं झालं नाही. उलट जुने, हात बसलेले सर्जन एका रात्रीत पहिलीच्या वर्गात येऊन बसले. पोटाला पाडलेलं भोक हाच टेकू होतो, त्यामुळे हात डावीकडे नेला की अवजाराचं टोक उजवीकडे जातं. पडद्यावर खोली कळत नाही. बोटांना स्पर्श कळत नाही, कारण बोटं आणि आतडं यांच्यामध्ये फूटभर लांबीची दांडी. १९९० च्या आसपास शनिवार-रविवारचे वर्ग करून सर्जन सोमवारी ऑपरेशनला उभे राहू लागले. व्हायचं तेच झालं. पित्ताशयाच्या नळीऐवजी यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचे प्रकार वाढले. न्यूयॉर्क राज्याला १९९२ मध्ये नियम करावे लागले, की आधी जाणकाराच्या देखरेखीखाली इतकी ऑपरेशनं करा, मगच एकट्याने हात घाला. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी कुठलीही नळी कापण्याआधी काय काय स्पष्ट दिसलंच पाहिजे याचा पाठ घालून दिला, तो आजही शिकवतात.

म्हणजे शिकणाऱ्याने गिरवायचं कशावर? आम्ही धुळाक्षरं गिरवली, चुकलं की हाताने पुसून टाकलं. माणसाच्या पोटात काय पुसणार? याचंही उत्तर सेमनीच आधी शोधलं होतं: सरावाची पेटी. वरून भोकं, आत नमुना, बाहेरून अवजारं. आज अशा पेटीत खुंट्या एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायच्या, कापडावरचं वर्तुळ रेषेवरून कापायचं, आतल्या आत गाठ मारायची, असे ठरलेले पाठ असतात आणि घड्याळ लावून परीक्षा असते. होतकरू मुलं घरी खोक्यात मोबाइलचा कॅमेरा बसवून द्राक्षाचं साल सोलत बसतात. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात स्किल्स लॅब आली, याचा मला मनापासून आनंद झाला. (आणि हो, २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जनांच्या हातून सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या होत्या. घरातल्या नातवंडांना हे कळू देऊ नका.)

मला हे सगळं वाचायला लावलं ते माझ्या भाचीने. तिच्या परवानगीनेच लिहितेय. २०२३ मध्ये तिचं वजन ११८ किलो होतं, मधुमेह होता, गुडघे गेले होते. 'भात सोड', 'सकाळी चालायला जा' हे सल्ले तिने वीस वर्षं ऐकले आणि पाळलेही. प्रत्येक वेळी दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. शेवटी तिने जठर लहान करायचं ऑपरेशन ठरवलं, तेव्हा आपल्याच नातेवाइकांत "एवढा आळस?" असं कुजबुजणारे होते. ते हा ब्लॉग वाचतात, म्हणून स्पष्टच सांगते. हे ऑपरेशन म्हणजे चरबी काढणं नव्हे. जठराचा जवळजवळ पाऊण भाग स्टेपलरने कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. पोट लवकर भरतं हे तर झालंच, पण जो भाग जातो तिथेच भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. कित्येकांची साखर तर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. इच्छाशक्तीने हे होत नाही हो. आणि अशा माणसाला दुर्बीण हवीच. जाड पोटावरची मोठी जखम चिघळते, हर्निया होतो, माणूस उठून चालला नाही तर पायात गुठळ्या होतात.

ऑपरेशनच्या आधी सर्जनना भेटायला मीही गेले. मी दोनच प्रश्न विचारले. तुम्ही अशी किती केलीत? आणि प्रत्यक्ष अवजार कोणाच्या हातात असेल? भाचीने माझा हात दाबला. पण मला मिशिगनचा तो अभ्यास आठवत होता. तिथल्या २० सर्जननी वजनाच्या ऑपरेशनचं आपलं एकेक चित्रण पाठवलं, आणि दुसऱ्या सर्जननी नाव न कळता त्याला पाचपैकी गुण दिले. अगदी बोर्डाच्या पेपरासारखं, नंबर झाकून! मग ते गुण त्यांच्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिले. सर्वांत कमी गुणवाल्यांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या ५.२ टक्के. २०१३ मध्ये हे छापून आलं. चित्रण तर आज सगळ्यांकडेच होतं. मग आपल्याकडे ते अधूनमधून कुणा तिऱ्हाइताकडून तपासून घ्यायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आम्हा शिक्षकांच्या वर्गात साहेब येऊन मागच्या बाकावर बसतच होते की.

सर्जन रागावले नाहीत. आकडा सांगितला, भरपूर होता. "स्टेपलर मीच चालवणार, मॅडम. कॅमेरा माझा विद्यार्थी धरेल. कुठून तरी सुरुवात करावीच लागते ना त्याला." मला ते पटलं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे मोजून-मापून खाणं, कारण चरबीने सुजलेलं यकृत जठराला झाकून टाकतं. मग पाच छोटी भोकं आणि तिसऱ्या दिवशी घरी. पोटात भरलेल्या वायूमुळे दुखत मात्र होता खांदा! पाणी चमच्याने. आता वजन ७९ आहे, साखरेची गोळी बंद, बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या आयुष्यभर. केसही बरेच गळले होते, ते आता येताहेत. "मग इंजेक्शन का नाही घेतलं?" असं हल्ली सगळे विचारतात. ती वजनाची नवी इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोवी, आपल्याकडे बाजारात आली २०२५ मध्ये. तिचं ऑपरेशन त्याच्या आधीचं. शिवाय ती बंद केली की वजन बहुतेकांचं पुन्हा चढतं.

रुग्णालयाने चित्रणाचा पेन ड्राइव्ह दिला होता. घरात कुणी बघायला तयार नव्हतं. मी बघितलं, भाचीला शेजारी घेऊन. मध्येच एके ठिकाणी चित्र तिरपं झालं, यकृतावर जाऊन अडकलं, थरथरलं. मग हळूच सरळ होऊन जागेवर आलं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. कुणीतरी त्या मुलाचं मनगट धरून बसवून दिलं असणार. मी तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन पाहिला.

"मावशी," भाची म्हणाली, "तू माझं पोट बघते आहेस की त्या पोराचं अक्षर?"