डोळ्यांखालची धूपछाव

भिवंडीत जिला खरोखर रात्र म्हणता येईल अशी वेळ फार थोडी. कारण यंत्रमागाची पाळी बारा तासांची, दिवसाकाठी पाळ्या दोनच, आणि ज्या मागापुढून एक कारागीर उठतो त्याच मागापुढे लागलीच दुसरा उभा राहतो, यास्तव पद्मानगरच्या गल्ल्यांतून मध्यरात्री जाणाऱ्याला जी खडखड ऐकू येते तीच पहाटे बंबात पाणी घालणाऱ्या गृहिणीलाही ऐकू येते. अशा गावात डोळ्यांखालच्या काळेपणावर ज्यांची उपजीविका चालते, त्यांना गिऱ्हाइकांची वानवा पडण्याचे कारण नाही. धामणकर नाक्याच्या आतल्या अंगाला माझे लहानसे पार्लर आहे. त्यात दोन आरसे, एक पंखा आणि उत्तरेला एक खिडकी आहे, आणि या साऱ्या मालमत्तेत जिच्यावाचून माझा व्यवसाय चालणार नाही अशी वस्तू कोणती, असे कोणी विचारले, तर मी खिडकीकडे बोट दाखवीन.

येणारी प्रत्येक बाई 'डार्क सर्कल' हा एकच शब्द उच्चारते, आणि त्यावर उपाय म्हणून कन्सीलर हा दुसरा. परंतु त्या एका शब्दाच्या पोटात निदान तीन वेगवेगळे मामले दडलेले असतात, आणि त्यांची वर्गवारी केल्याविना हातात डबी घेणे म्हणजे अर्ज न वाचता त्यावर शेरा मारण्यासारखे आहे. मी बाईला खिडकीपाशी बसवते आणि पापणीखालची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणते. काळेपणा जसाच्या तसा राहिला तर तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा, बहुधा आईकडून किंवा आजीकडून आलेला, नाहीतर डोळे चोळून चोळून कमावलेला असतो. मागाजवळ तूस उडते, डोळे खाजतात आणि हात आपोआप तिकडे जातो. ताणल्यावर निळसर-जांभळी झाक अधिकच उठून दिसली तर तो दोष रक्तवाहिन्यांचा, किंबहुना तो दोषच नव्हे. शरीरावरची सर्वांत पातळ त्वचा पापण्यांची, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, आणि एवढ्या झिरझिरीत पडद्याआडचे स्नायू व शिरा बाहेरून दिसल्या तर त्यात नवल ते काय? तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ सावली: गालाच्या हाडावरचे मांस वयाने ओसरले की नाकाच्या कडेपासून एक खळगी तयार होते, आणि छतावरचा दिवा तिच्यात अंधार ओततो. त्याच बाईला मान वर करायला सांगितले, की काळेपणा निम्मा नाहीसा होतो. बहुतेक चेहऱ्यांवर हे तिन्ही प्रकार कमीअधिक मिसळलेले असतात हे खरे, तथापि कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यातच माझे निम्मे काम होते.

ही समज मला प्रारंभी नव्हती. काळे झाकायचे तर पांढरे हवे, असा माझा सरळ हिशेब होता, आणि त्या हिशेबाने मी काल्हेरच्या बाजूच्या एका आगरी घरात नवरीच्या डोळ्यांखाली तिच्या वर्णापेक्षा दोन छटा उजळ कन्सीलर सढळ हाताने लावला. आगऱ्यांच्या घरची हळद ज्याने पाहिली असेल त्याला हे सांगणे नलगे, की त्या रात्री घरात कोणी झोपत नाही. नवरी तर नाहीच नाही. पहाटे मी तिच्यापुढे बसले तेव्हा तिच्या डोळ्यांखाली निळाई उतरली होती, आणि त्या निळाईवर माझा पांढुरका थर बसताच तिथे जो रंग प्रकट झाला तो चुलीतला होता. लग्नाचे धवले गाणारी वृद्ध धवलारीण दारात बसली होती. तिने एकदाच वर पाहिले आणि विचारले, "बाय, पोरीच्या डोल्याखाली राख लावलीस काय?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे छायाचित्रे आली तेव्हा फ्लॅशच्या उजेडात ती राख आणखी पांढरी होऊन उमटली होती. कन्सीलरमधले पांढरे द्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड असते, आणि अंगावर पडलेला उजेड परतवून लावणे हा त्याचा स्वभावच आहे, हे मी त्यानंतर शिकले.

उलगडा केला तो एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने. जन्मभर रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्यात गेलेला हा गृहस्थ पत्नीला सोडायला माझ्याकडे येई आणि बाहेरच्या पायरीवर बसे. माझी कैफियत ऐकून तो म्हणाला, "ताई, निळ्या ताण्यावर पांढरा बाणा घातला तर निळं मरत नाही, फिकं होतं. नारिंगी घालून बघा." उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन विणलेल्या कापडाला आपल्याकडे धूपछाव म्हणतात, त्यातही ताणा निळा आणि बाणा नारिंगी असेल, तर कापड दुरून निळेही दिसत नाही आणि नारिंगीही दिसत नाही, ते मातकट दिसते, आणि मातकट हाच तर आपल्या बहुतेकींच्या कातडीचा रंग! पुढे वाचनात आले, की हीच गोष्ट पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या शाही कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्हरल नावाच्या रसायनज्ञाने शास्त्राच्या पायावर मांडली होती. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्या दप्तरी आली. त्याने तपास केला आणि निर्णय दिला, की दोष काळ्या धाग्यात नाही, त्याच्या शेजाऱ्यांत आहे. कारण रंग डोळ्याला एकटा कधी दिसतच नाही. त्याचा ग्रंथ 1839 साली निघाला. गंमत अशी, की आपल्या आज्या ज्या 'स्नो'ची बाटली देव्हाऱ्याजवळ जपून ठेवत, त्यातले स्टिअरिक आम्ल चरबीतून वेगळे काढणाराही हाच मनुष्य. तेव्हा माझ्या टेबलावरच्या निम्म्या डब्यांवर या एकशे दोन वर्षे जगलेल्या फ्रेंच गृहस्थाचा हक्क पोहोचतो, असे मी समजते.

तेव्हापासून निळाई असेल तिथेच आणि तेवढ्यावरच नारिंगी करेक्टर लावायचा, असा माझा दस्तूर आहे. गोऱ्या वर्णाला तोच पीच रंगाकडे झुकणारा घ्यावा, सावळ्याला चांगला विटकरी चालतो. ज्यांना हा रंग डबीत पाहून धास्ती वाटते त्यांना मी सांगते, की यातला तांबडेपणा आणि पिवळेपणा लोहाच्या गंजाचा आहे, म्हणजे तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो त्याच्याच गोत्रातला. मात्र गेरू सारवायचा असतो, आणि हा सारवायचा नसतो. अर्ध्या तांदळाएवढा करेक्टर अनामिकेवर घ्यावा (तिचा दाब हलका पडतो), नुसता टेकवावा आणि उचलावा. ओढला की खालचा थर वर येतो आणि सारी मेहनत फुकट जाते. मग थोडे थांबावे. हे थांबणे मला माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवता आलेले नाही. त्या मोबाइलवर पाहून शिकलेल्या असतात, आणि मोबाइलवर प्रतीक्षा कापून टाकलेली असते. त्यानंतर कन्सीलर लावायचा तो वर्णाशी जुळणारा, फार तर अर्धी छटा उजळ. त्याची परीक्षा मनगटावर करू नये, कारण मनगटाचा आणि डोळ्याखालचा रंग एक नसतो, आणि दुकानातल्या दिव्याखाली तर मुळीच करू नये.

खळगीच्या सावलीवर नारिंगीचा काही उपाय चालत नाही, कारण तिथे मारायला रंगच नसतो. तिथे उजळ छटेची एक बारीक रेघ खळगीच्या तळाशी द्यायची. वरच्या सुजेवर चुकूनही नाही, कारण उजळलेली सूज दुप्पट दिसते. डोळ्याखाली कन्सीलरचा मोठा त्रिकोण काढून गालापर्यंत उतरवण्याची जी रीत हल्ली रूढ झाली आहे, ती कॅमेऱ्यासाठी असेलही. आमच्या दमट हवेत, मे महिन्यात, मांडवाखाली चार तास बसणाऱ्या मुलीसाठी ती नाही. जितका थर जाड, तितक्या लवकर हसण्याच्या रेघांत तो जमा होतो.

हळदीने आणखी एक पेच घातला. आठ दिवस आधी मुलगी येते, मी छटा जुळवून वहीत टिपून ठेवते, आणि लग्नाच्या सकाळी पाहते तो काय, टिपलेला वर्ण हजर नाही! रात्रभर लागलेली हळद साबणाने जात नाही; चेहरा आठ आणे पिवळा झालेला असतो, आणि वहीतला कन्सीलर त्यावर गुलाबी ठिगळासारखा दिसतो. आता मी आधी तेलाचा बोळा फिरवते, मग दुधात कालवलेले डाळीचे पीठ, आणि तरी जी पिवळाई उरेल तिच्याशी समेट करून त्याच सकाळी नवी छटा दोन डब्यांतून कालवते. वही केवळ नोंदीपुरती राहते.

मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई पुतणीच्या साखरपुड्यासाठी आली होती. वय पस्तिशीच्या आत, आणि डोळ्यांखाली असा काळेपणा, की तिन्ही प्रकारांत बसेना. मी खालची पापणी उलटून पाहिली, तर आतला भाग लालऐवजी पांढुरका. वास्तविक हे काम माझ्या अखत्यारीतले नव्हे. पण बाकीचा चेहरा रक्ताअभावी फिका पडला म्हणजे डोळ्याखालचे आहे तेच काळे अधिक गडद भासते, ही शेव्हरलचीच गोष्ट झाली. मी तिला साखरपुड्यापुरते सजवून दिले आणि सोमवारी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात रक्त तपासून घ्यायला सांगितले. तिला राग आला. झाकायला पैसे दिले आणि ही दाखवायला निघाली, असे ती जिन्यात कोणाला तरी म्हणाली, ते मला ऐकू आले.

काल्हेरकडच्या त्या घरातून दहा वर्षांनी पुन्हा बोलावणे आले, धाकटीच्या लग्नाचे. धवलारीण तीच होती, नजर मात्र अधू झालेली. काम संपल्यावर नवरीची हनुवटी धरून तिने तिला दाराच्या उजेडात नेले, बराच वेळ न्याहाळले, काहीच न बोलता आपल्या जागी जाऊन बसली आणि पुढचा धवला सुरू केला. त्याच उजेडात डाव्या डोळ्याखाली नारिंगी किंचित अधिक राहिल्याचे माझ्या ध्यानात आले. परंतु मी बोट पुढे करीपर्यंत मुलीला मामा घेऊन गेले होते आणि मांडवात अंतरपाट धरला होता.