तेहतीस अक्षरे आणि एक ळ

नल्लकुंटा या नावाचा अर्थ तेलुगूत 'काळे तळे' असा होतो. नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे लहानसे तळे. आमच्या गल्लीत आज तळे शोधून सापडायचे नाही. एका अंगाला फीवर हॉस्पिटल, दुसऱ्या अंगाला शंकर मठ, मध्ये भाजीबाजार आणि विद्यानगरच्या बाजूला मुलामुलींची वसतिगृहे, असा हा भाग. हैदराबादचे मराठी लोक म्हटले की बाहेरगावच्यांना सुलतान बाजार आणि विवेकवर्धिनी आठवते. इकडे नल्लकुंट्यात आमची मराठी घरे तांदळातल्या गव्हासारखी, निवडून काढावी इतकीच. पण काळे तळे हे नाव मला आवडते. दौतीला याहून चांगले नाव कोणते द्यायचे?

दौतीची आठवण व्हायला कारण घडले ते माझ्या नातीमुळे. तिला वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात प्रवेश मिळाला. आमच्या भागात ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तिथे शिकवतात इंग्रजीतून, परंतु पुढच्या वर्षांत खाटेवरच्या रोग्याशी बोलायचे ते रशियनमध्ये, आणि रोग्याचा कागद वाचायचा तोही रशियनमध्ये. म्हणून जायच्या आधी तीन महिने तिने मोबाईलवर रशियनचा वर्ग लावला. पहिल्याच आठवड्यात बाईंनी बजावले, की छापील अक्षरे नुसती ओळखून भागणार नाही. रशियात मोठी माणसे हाताने छापील अक्षरे काढत बसत नाहीत. सगळे एकमेकांत गुंतवून, उजवीकडे कलते लिहितात. तेव्हा हात बसवा.

झाले, जेवणाच्या टेबलावर दोघींची शाळा भरली. दोघींची अशासाठी की मलाही राहवेना. आमच्या तरुणपणी सोव्हिएत पुस्तके स्वस्त मिळत. तेलुगू नि इंग्रजी पुस्तके विशालांध्रच्या दुकानात, मराठी मुंबईहून लोकवाङ्मय गृहाची. मॉस्कोत राहून मराठी भाषांतरे करणाऱ्या अनिल हवालदारांचे नाव तेव्हा आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखे ओळखीचे होते. त्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात रशियन मजकूर असे. १९९१ साली सोव्हिएत संघ गेला, त्यापाठोपाठ ती पुस्तकेही गेली. पण त्या पानावरची अक्षरे मी इतकी वर्षे नुसती पाहत आले होते. आता ती लिहायला मिळणार होती.

रशियन अक्षरे तेहतीस. दहा स्वर, एकवीस व्यंजने, आणि स्वतःचा आवाज नसलेली दोन चिन्हे, एक मृदू आणि एक कठोर. आपल्या बाराखडीच्या मानाने काहीच नाही. छापील अक्षरांची गंमत अशी की त्यांतली बरीच इंग्रजीचा मुखवटा घालून बसलेली. दिसायला पी, पण उच्चार र. दिसायला एच, पण उच्चार न. दिसायला सी, तो स. त्यामुळे 'रेस्तोरान' अशी पाटी असली तर इंग्रजीच्या सवयीने माणूस 'पेक्टोपाह' वाचतो. नातीला ही फसवणूक दोन दिवसांत कळून चुकली. खरी परीक्षा हाताने लिहिताना. तिथे हीच अक्षरे दुसरा मुखवटा चढवतात. छापील त म्हणजे खांबावर आडवी पट्टी, अगदी इंग्रजी टी. हाताने लिहिताना त्याचे तीन पाय होतात आणि तो इंग्रजी एम् दिसू लागतो. द चा जी होतो, प चा एन् होतो, ई चा यू होतो. 'ताम' म्हणजे 'तिथे'. तो हाताने लिहिला की इंग्रजी शिकलेला माणूस त्याला 'मॅम' वाचून नमस्कार करील. 'दोम' म्हणजे घर, ते 'गोम' दिसते. घरात गोम निघाली म्हणून नात हसत सुटली.

हात बसवायला बाईंनी तिरप्या रेघांच्या वहीची पाने पाठवली होती. रशियन मुले अशाच वहीत गिरवतात. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती छापून आणली. ती संपली तेव्हा चार रेघी इंग्रजी वहीवर मी पेन्सिलीने तिरप्या रेघा आखून दिल्या. नात पहिलीपासून तेलुगू लिहीत आलेली. तेलुगू अक्षर गोल, आत वळणारे, डोक्यावर तलकट्टूची टिकली. ताडपत्रावर टोकदार लेखणीने कोरायचे म्हणून ही गोलाई आली असे सांगतात. आमच्या सीमेवरच्या मुलांना कन्नड लिहिताना हाच अनुभव येत असेल. एक अक्षर पुरते झाले की हात उचलायचा, मग दुसरे. नातीचा हात प्रत्येक अक्षरानंतर उठत होता. रशियन अक्षर म्हणते, उठू नकोस, चालत राहा.

इथे माझ्या उपयोगी पडली ती मोडी. माझे वडील उदगीरकडच्या एका गावचे कुलकर्णी. त्या वेळी उदगीर बीदर जिल्ह्यात होते आणि तो सगळा मुलूख निजामाचा. दरबारची भाषा उर्दू, बाजारात कन्नड नि तेलुगू, घरची मराठी. वडील उर्दू उजवीकडून लिहीत आणि मोडी डावीकडून, एकाच बैठकीत, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा उदगीर मराठी मुलखात आले, बीदर कन्नड मुलखात गेले, आणि मी पुढे लग्न होऊन तेलुगू मुलखात आले. रुमालात बांधलेल्या वडिलांच्या कागदांतला एक गठ्ठा माझ्याबरोबर आला, तो अजून कपाटात आहे. मोडी त्यांनीच मला शिकवली. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग बोरू न उचलता अक्षरे तिला टांगत जायची. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा फारसा विचार नाही. लिहिणाऱ्याला घाई, वाचणाऱ्याला तपश्चर्या. रशियनमध्येही जुन्या काळी अशी घाईची लिपी होती. तिचे नावच 'स्कोरोपिस', म्हणजे जलद लेखन. कारकून सगळीकडचे एकाच जातीचे.

म्हणून मी नातीला सांगितले, "अक्षर पाहू नकोस, हाताची वाट पाहा. आत शिरायचे कुठून आणि बाहेर पडायचे कुठून, तेवढे ध्यानात ठेव." रशियन अक्षरांना हे फार लागू पडते. ल, म आणि या ही तीन अक्षरे सुरू होताना तळाशी एक बारीक आकडा घेतात. शब्दाच्या मध्ये आली तरी तो आकडा सोडायचा नाही. सोडला तर ल कुठे सुरू झाला ते वाचणाऱ्याला कळत नाही. श तर नुसत्या तीन उभ्या काठ्या. शेजारी ई आली तर आणखी दोन काठ्या. 'लिशीश' असा एक शब्द आहे, अर्थ 'तू हिरावून घेशील'. हाताने लिहिला की कुंपणाचा एक तुकडा दिसतो. सुरुवात कुठे, शेवट कुठे, काही नाही. त्यावर उपाय म्हणून कित्येक रशियन माणसे श च्या खाली एक आडवी रेघ देतात आणि तीनपायी त च्या वर एक. त्यांच्या पाठ्यपुस्तकात ही रेघ असो वा नसो, वाचणाऱ्याच्या दयेपोटी ती आली असणार. नातीला ती रेघ फार आवडली. "आजी, डोक्यावर रेघ म्हणजे आपलंच की," म्हणाली.

आपले काय आणि परके काय, याचा हिशेब मग उलटाच होऊ लागला. मराठीत आपण 'चांगला' म्हणतो आणि 'चिमणी' म्हणतो. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच च, उच्चार मात्र वेगळे. पहिला दातांपाशी, दुसरा टाळ्यापाशी. रशियनने या दोघांना दोन स्वतंत्र अक्षरे दिली आहेत. जुन्या तेलुगू पुस्तकांतही दातांपाशी उच्चारायच्या च साठी वेगळी खूण असे. आपल्याकडे सारा भार सवयीवर. वर्गातल्या इतर मुलींना चांगल्याचा च जमेना, आमची नात पहिल्या दिवशी म्हणाली, कारण घरात तिने तो जन्मापासून ऐकलेला. उलट, रशियनमध्ये आपला ह नाही. नेहरूंना ते 'नेरू' लिहितात आणि आमच्या गावाला 'खायदाराबाद'. नल्लकुंटा मात्र जसेच्या तसे लिहिता येते. न, अ, मग दोन ल, दोघांचे आकडे वेगळे दिसले पाहिजेत, आणि शेवटी तीनपायी त. नातीने घरचा पत्ता पानभर गिरवला. त्या पानावर पहिल्यांदा तिचा हात न उठता शब्दाच्या शेवटापर्यंत गेला.

त्याच पानाच्या खाली मी तिला म्हटले, आता हाच पत्ता मराठीत लिही. देवनागरी तिला हिंदीमुळे येते. शाळेत हिंदी होते. तिने लिहिले, झरझर. मग मी सांगितले, "आता लिही, बाळ रशियाला निघाली." तिने लिहिले, 'बाल रशियाला निघाली'. ळ तिला हिंदीच्या पुस्तकाने दिलाच नव्हता. बोलताना ती ळ स्वच्छ म्हणते, तेलुगूत तो रोज लिहिते, फक्त आईच्या भाषेत तिच्या हाताला तो माहीत नव्हता. वीस वर्षे मराठी बोललेल्या मुलीने तोवर मराठीचे एक पानसुद्धा लिहिले नव्हते. तेहतीस परकी अक्षरे तिने तीन आठवड्यांत हाताखाली घातली, कारण तिकडे कोणीतरी तिचे लिहिलेले वाचणार होते. मराठीत तिचे लिहिलेले कोण वाचणार होते? फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी येते-जाते, आणि आम्ही सगळे त्यावर भागवतो.

मुले मातृभाषा विसरली म्हणून आपण सीमाभागातले लोक दर दिवाळीला हळहळतो. मला वाटते, लिपी विसरायला मुलाचा आळस पुरत नाही. वाचणारा नाहीसा व्हावा लागतो. माझ्या कपाटातल्या मोडीच्या गठ्ठ्याचे तेच झाले. वडिलांनी ज्यांच्यासाठी लिहिले ते गेले, मी एक वाचणारी उरले, आणि माझ्यामागे तो गठ्ठा पुरातत्त्वाचा विषय होईल. मोडीला मी आता वाचवू शकत नाही. देवनागरीचे तसे नाही. त्या दिवशी मी ळ काढून दाखवला, दोन गाठी आणि वर रेघ, आणि तिला म्हटले की मला महिन्याला एक कागद हवा. हाताने लिहिलेला, मराठी. टपालाने नको, महिनाभर कुठे अडकेल ठाऊक नाही. फोटो काढून पाठव. पण लिहायचे हाताने.

या व्यवहारात मला अफनासी निकितीन आठवत होता. तो त्वेर गावचा व्यापारी. १४७० च्या सुमारास चौलला उतरला, जुन्नरवरून बीदरला आला आणि बहामनी राजधानीत घोडा विकून राहिला. त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' हा चित्रपट निघाला, तो आमच्या पिढीला आठवत असेल. निकितीनने प्रवासाची टिपणे रशियन लिपीत लिहिली, पण मधेच तो तुर्की, फारसी, अरबी बोलू लागतो आणि तेही रशियन अक्षरांतच लिहितो. चौल, जुन्नर, बीदर ही आपली गावे त्या अक्षरांत प्रथम त्यानेच बसवली असावीत. घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दिल्या, म्हणून त्यांतला मजकूर उरला. पुढे साडेतीनशे वर्षांनी करमझिन या इतिहासकाराला त्यांची नक्कल एका मठाच्या संग्रहात सापडली. माझ्या वडिलांच्या जिल्ह्याचे वर्णन करणाऱ्या त्या माणसाने ते कोणासाठी लिहिले असेल? देवाची आळवणी त्यात वारंवार येते, तसा आपल्या माणसांचा भासही येतो. वाचणारा कोणी असेल, या भरवशावरच तो लिहीत राहिला असणार.

नात सप्टेंबरात गेली. ऑक्टोबरपासून कागद येऊ लागले. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक आख्खा समास लिहिला आहे. अक्षरांच्या ओळी कशा सारख्या आणि मोकळ्या असाव्यात ते त्यात सांगितले आहे. आमच्या नातीच्या ओळी त्यांना पसंत पडतील की नाही, शंका आहे. तिची देवनागरी आता उजवीकडे कलली आहे. म लिहिताना तळाशी एक रशियन आकडा निघतो आणि शिरोरेघ शब्दाच्या पुढे वाऱ्यावरच्या धाग्यासारखी लांबते. पहिल्या कागदात चार ओळी होत्या. दोन वरणाविषयी, एक थंडीविषयी, आणि चौथ्या ओळीत इस्पितळातल्या एका म्हातारीने हिचे रशियन अक्षर पाहून कौतुक केल्याची बातमी. दुसऱ्या कागदात 'थाळी' आणि 'डाळ' हे शब्द होते. दोन्ही ठिकाणी ळ बरोबर होता. तिसरा आला तो पानभर.

मी प्रत्येकाला उत्तर लिहिते, हाताने, आणि शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवते. खाली रशियनमध्ये तिचे नाव घालते, ल चा आकडा न विसरता. माझा हात थरथरतो, तरी आकडा येतो.