अकोल्याचा मोत्या आणि त्याची खोली

मैत्रिणींनो, संगमनेरहून अकोल्याकडे निघालात की प्रवरेच्या काठचे उसाचे फड लागतात. दिसायला मोठे गार! पण दिवेलागण झाली की आमच्या वन्सं मुलांना अंगणात थांबू देत नाहीत. उसात बिबट्या असतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याच भागातला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्यामानाने पुष्कळच कमी.

वन्संचा आधीचा कुत्रा ओट्यावरून गेला. सकाळी साखळी तेवढी उरली होती.

आता मोत्या बंद पडवीत, जाळीच्या पिंजऱ्यात निजतो. मला बाई आधी वाईटच वाटलं, मुक्या जिवाला कोंडायचं! वन्सं म्हणाल्या, "अगं, त्याची खोलीच आहे ती."

सवय लावली सावकाश. आत जुनी गोधडी, भाकरी-दूधही आतच. पहिले आठ दिवस दार लावलंच नाही. मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. शिक्षा म्हणून कधी आत घातलं नाही. पिंजरा उभं राहून वळता येईल एवढाच घ्यावा. निजायच्या जागी कुत्रं सहसा घाण करत नाही, पण जागा ऐसपैस असली तर कोपरा गाठतं. पिल्लू असेल तर रात्री एकदा बाहेर न्यावंच लागतं, तेही कुणी सोबत घेऊन. आणि दिवसभर कोंडून मात्र ठेवू नका हं.

रात्री आम्ही ताटं आवरत होतो, तर मोत्या आपणहून आत जाऊन बसला. वन्संनी त्याची कडी लावली, मग पडवीची.