प्रिय ईव्ही, तुझ्या साहेबांविषयी

प्रिय ईव्ही,

तू त्यांना 'सर' म्हणतेस. रेनडॉनचं अख्खं राज्य त्यांना 'खलनायक' म्हणतं, आणि ट्रिस्टन मॅव्हरिन हे खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. हॅना निकोल मेहरर या लेखिकेनं तुला आधी टिकटॉकवरच्या छोट्या विनोदी प्रसंगांतून उभं केलं, मग ऑगस्ट २०२३ मध्ये 'असिस्टंट टु द व्हिलन' ही कादंबरी आली. टिकटॉक आमच्या देशात २०२० मध्येच बंद झालं होतं, त्यामुळे मला तू भेटलीस ती थेट पुस्तकात. पहिल्या वाचनात मी खूप हसले. दुसऱ्या वाचनात तुझ्या आधीच्या नोकरीपाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवलं.

हसण्यासारखं तिथे भरपूर आहे. कचेरीच्या छताला मुंडकी टांगलेली, चालता चालता टाचेखाली एखादा डोळा चिरडतो, आणि तुला चिंता हातातल्या कामाची. खलनायकाच्या गडावरही एचआर आहे, आणि त्या खुर्चीतली बेकी कुणालाही सवलत देत नाही. ड्रॅगनला वळण लावणारा ब्लेड आहे, जखमा बऱ्या करणारी टाटियाना आहे. डोक्यावर इवलासा मुकुट घातलेला किंग्जली हा बेडूक तर एकेका शब्दाच्या पाट्या दाखवून सगळ्यांना गप्प करतो. मेहररना नोकरी म्हणजे काय ते नेमकं कळलं आहे. दहशत बसवणारा एकटा असला, तरी ती दहशत रोज सकाळी सुरू करायला कागद लावणारी, निरोप पोचवणारी, कुणाचं काय बिनसलंय ते ओळखणारी माणसं लागतात.

पण तुझ्या आधीच्या मालकाबद्दल बोलायचं आहे. तो गावातला लोहार. कसबी, चारचौघांत मान असलेला. त्यानं तुझ्याकडे नको ते मागितलं, तू नाही म्हणालीस, आणि त्यानं तुझ्यावर शस्त्र चालवलं. आजारी वडील आणि धाकटी बहीण लिसा घरात, पगार बंद, आणि खरं कारण तू तुझ्यापाशीच ठेवलंस. मग रानात गाठ पडली ती ज्याच्या नावानं राज्य थरकापतं त्याच्याशी. नोकरी दिली ती त्यानं.

आमच्या मराठी सिनेमाला हे जुनं ठाऊक आहे. निळू फुल्यांनी रंगवलेला खलनायक जंगलात राहत नसे. तो गावचा पाटील असे, सरपंच असे, लोक उठून त्याला खुर्ची देत. प्रत्यक्षातले निळूभाऊ मात्र सेवा दलात घडलेले, अत्यंत साधे, सज्जन. पडद्यावरचं पाहून बाया त्यांच्या नावानं बोटं मोडत. माणसाचा लौकिक आणि माणूस यांच्यात किती अंतर असू शकतं, हे मला त्यांच्यामुळे लहानपणीच समजायला हवं होतं.

समजलं ते पहिल्या नोकरीत. आमचे साहेब म्हणजे देवमाणूस, असं पहिल्याच दिवशी तिघांनी सांगितलं. वर्षभरानं मी राजीनामा दिला, तेव्हा त्याच तिघांनी विचारलं, इतकी चांगली नोकरी कुणी सोडतं का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा खटल्यातली मार्गदर्शक तत्त्वं १९९७ मध्येच आली होती, पण आमच्या मजल्यावर त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. २०१३ चा कायदा यायला अजून काही वर्षं होती. घरी मी सांगितलं, प्रवास झेपत नाही. बाबांनी मान्य केलं. म्हणून तुझं ते गप्प राहणं वाचताना माझा घसा दाटून आला, ईव्ही.

आता तुझ्या प्रेमाविषयी. साहेबावर जीव जडणं ही गोष्ट मला सहजासहजी पटत नाही. ज्याच्या सहीवर तुझा पगार निघतो, त्याला तू खरंच 'नाही' म्हणू शकतेस का, हे मी प्रत्येक अशा कथेत शोधते. तुझ्या कथेत मला उत्तर मिळालं. तू त्यांच्यासमोर अखंड बडबडतेस, मनात येईल ते बोलून जातेस, चूक दिसली तर तोंडावर सांगतेस, आणि दुसऱ्या दिवशी तुझी जागा शाबूत असते. त्यांच्या गालावरची खळी तुला दिसते, ती नंतरची गोष्ट. आधी तू निर्धास्त झालीस. प्रेम इतकं सावकाश येतं की पानं उलटताना अधीर व्हायला होतं, पण ते असंच यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र बोचते. छताला टांगलेली ती मुंडकी कुणाची, त्यांच्या घरी कोण वाट पाहतंय, हे पुस्तक फारसं विचारत नाही. राजा बेनेडिक्टच्या गोऱ्यागोमट्या राज्यकारभारावर संशय घ्यायला मेहरर शिकवतात, ते मला फार आवडलं. तोच संशय त्यांनी तुझ्या सरांवरही थोडा अधिक ताणायला हवा होता. २०२४ आणि २०२५ मध्ये पुढचे दोन भाग आले. तिथेही मी तुझ्या मागोमाग आले, या प्रश्नासकट.

माझी भाची सोमवारी पहिल्या नोकरीवर रुजू होते आहे. तिला तुझं पुस्तक दिलं, आणि त्या देवमाणसाची गोष्टही पहिल्यांदाच, सगळी सांगितली. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "मावशी, तेव्हा तुझ्या बाजूला कोण बसायचं?"

मला त्या मुलीचं नाव आठवलं. संध्याकाळी तिचा नंबर शोधायला बसले.

तुझी,
एक वाचक