ड्रॉवरमधली स्ट्रिप

बाबा ५६ वर्षांचे, नऊ वर्षं डायबेटिस. एलडीएल ११८. रिपोर्टवर लाल खूणही नाही, तरी डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन लिहून दिलं. स्ट्रिप थेट ड्रॉवरमध्ये! "आणखी एक गोळी? त्यानं शुगर वाढते म्हणे."

मी वाचायला बसले. खरंय, थोडी वाढू शकते. पण २००४च्या 'कार्ड्‌स' ट्रायलमध्ये कोलेस्टेरॉल फारसं नसलेले २,८३८ डायबेटिक पेशंट्स होते. रोज हीच १० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांमध्ये हार्ट ॲटॅक, स्ट्रोकसारख्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे प्रश्न रिपोर्टमधल्या आकड्याचा नाहीच, हार्टचा आहे.

आजोबाही डायबेटिक होते. ॲटॅकनंच गेले. हे मात्र मी बोलले नाही.

बाबाच म्हणाले, "पाय दुखले तर डॉक्टरांना लगेच सांगेन हं."

रात्री स्ट्रिप टेबलावर होती. एक गोळी कमी.